गिझाच्या पिरॅमिडांमधील दालने : आद्य शोधकांच्या नोंदी

इजिप्तमधील गिझाच्या पिरॅमिडांत शिरलेल्या सतराव्या ते एकोणिसाव्या शतकांतील युरोपीय शोधकांनी तेथील दालनांची मापे, आराखडे व वर्णने लिहून ठेवली. त्यांचे तर्क बहुतांशी कालबाह्य झाले. मापे व नकला मात्र अजून उपयोगी पडतात.

इंग्रज गणिती जॉन ग्रीव्ह्ज याने खूफू या फेरोच्या (प्राचीन इजिप्तच्या राजाच्या) पिरॅमिडची घेतलेली मापे १६४६ मध्ये प्रसिद्ध झाली. ‘राजाच्या दालना’त (सुमारे १०.५ × ५.२ मी.) ग्रॅनाइटची रिकामी, बिनझाकणाची शवपेटी आहे. ती या दालनाकडे नेणाऱ्या चढत्या बोळापेक्षा किंचित रुंद असल्याने बांधकाम चालू असतानाच आत ठेवली गेली असणार. ‘राणीच्या दालना’त राणी पुरल्याचा पुरावा नाही, दोन्ही बाजूंना उतरत्या छतावरून अरबांनी ते नाव दिले (त्यांच्याकडे स्त्रियांच्या कबरींना असे छत असे).

१७६५ मध्ये ब्रिटिश मुत्सद्दी नथॅनिएल डेव्हिसनला खूफूच्या पिरॅमिडमधील उंच वीथीच्या (राजाच्या दालनाकडे चढत जाणाऱ्या उंच, अरुंद मार्गाच्या) वरच्या टोकाशी आवाज घुमताना जाणवला. शिडी लावून, वटवाघळांच्या विष्ठेतून सरपटत तो राजाच्या दालनावरील बुटक्या पोकळीत पोचला. १८३७ मध्ये इंग्रज लष्करी अधिकारी हॉवर्ड वायझने सुरुंग लावून तिच्यावरच्या आणखी चार पोकळ्या उघडल्या. ही पद्धत आज कोणताही पुरातत्त्वज्ञ क्षम्य मानणार नाही. शिवाय पोकळ्यांना वेलिंग्टन, नेल्सन अशी नावे देऊन त्याने फेरोच्या पिरॅमिडमध्ये इंग्रज सेनानी बसवले! पण तेथील दगडांवरच्या तांबड्या रंगातील खुणांच्या नकला त्याने करून घेतल्या, हे मोलाचे झाले. त्यांत खूफूचे नाव आणि मजुरांच्या टोळ्यांची नावे आहेत. काही खुणा उलट्या वा आडव्या आहेत, काही शेजारच्या दगडाआड जातात; म्हणजे दगड बसवण्यापूर्वीच त्या रंगवलेल्या होत्या. पिरॅमिड खूफूचा असल्याचा हा आतला पुरावा होय. छतावरील भार हलका करण्यासाठी या पोकळ्या ठेवल्या, असे सामान्यतः मानले जाते.

फेरो खाफ्रेच्या पिरॅमिडमध्ये इटालियन शोधक जोव्हान्नी बेल्झोनी २ मार्च १८१८ रोजी शिरला. भिंतीवरील अरबी मजकुरावरून आपल्या आधीही कोणी येऊन गेल्याचे त्याला कळले, तरी स्वतःचे नाव त्याने मोठ्या अक्षरांत भिंतीवर लिहिलेच. शवपेटीतील हाडे बैलाची निघाली.

फेरो मेनकाउरेच्या पिरॅमिडमधील कोरीव शवपेटी वायझने इंग्लंडला रवाना केली. ‘बिअ‍ॅट्रिस’ हे ती नेणारे जहाज १८३८ मध्ये बुडाले. ती पेटी आता तेव्हाच्या चित्रांतूनच पाहता येते.