दोन कोटी तुलना आणि एक ओळ

एका एक्सएमएल फाइलीत (टॅग, म्हणजे नावाच्या खुणा, लावून माहिती एकात एक ठेवलेली फाइल) १०,००० बिलं आहेत आणि २,००० ग्राहक. बिलावर ग्राहकाचा फक्त क्रमांक. नाव-पत्ता फाइलीत दुसरीकडे. या फाइलीचं वेब पान करायचं, तर प्रत्येक बिलाला नाव जोडायला हवं. एक्सएसएलटीत, म्हणजे एक्सएमएलचं असं रूपांतर करायच्या भाषेत, नवखा माणूस सरळ लिहितो: ज्या ग्राहकाचा क्रमांक हा, तो आण. दिसायला निरुपद्रवी ओळ. पण ती ओळ राबवणारा प्रोग्राम, म्हणजे प्रोसेसर, साधा असेल तर दर बिलागणिक ग्राहकांची अख्खी यादी पहिल्यापासून चाळतो. हिशेब २ कोटी तुलनांवर जातो. बिलं आणि ग्राहक दोन्ही दुप्पट झाले की काम चौपट. मग आपण बिचाऱ्या मशीनला नावं ठेवतो.

उपाय एक्सएसएलटीच्या १९९९ सालच्या पहिल्याच आवृत्तीत होता: ‘की’, म्हणजे कशावरून शोधायचं ते, जाहीर करणारी एक ओळ. ती दिसली की बहुतेक प्रोसेसर यादी एकदाच वाचून हॅश तक्ता बांधतात. टपाल कचेरीत पत्रं लावायचे खण असतात ना, तसंच. पिनकोड पाहिला की खण ठरला. बाकीची पत्रं उलगडायची गरज नाही. २,००० नोंदी आणि १०,००० शोध, म्हणजे १२,००० कामं.

ऑरेकल या सॉफ्टवेअर कंपनीच्या स्टीव्ह म्यूंच यांनी याच ‘की’चा वापर गट पाडायला केला. ‘म्यूंच पद्धत’ वाचताना डोकं गरगरतं, पण २००७ च्या दुसऱ्या आवृत्तीत गट पाडायची स्वतंत्र सूचना येईपर्यंत तिनंच लोकांना तारलं.

हॅश एका ठिकाणी मात्र हात टेकतो. ‘५,००० ते १०,००० रुपयांची बिलं’ मागा. खणांना लहान-मोठं कळतच नाही. तिथे रकमेनुसार लावलेली सूची हवी. शब्दकोश मधूनच उघडावा तशी ती निम्मी-निम्मी होत जाते आणि १०,००० नोंदींत फार तर १४ पायऱ्यांत जागा सापडते.

‘हा परिच्छेद कोणत्या प्रकरणात?’ हा प्रश्न आणखी वेगळा. त्यासाठी एक्सएमएल डेटाबेसमध्ये टॅग उघडताना एक आणि मिटताना एक क्रमांक देण्याची युक्ती आहे. आतल्याचे दोन्ही क्रमांक बाहेरच्याच्या दोन क्रमांकांमध्ये बसले, की नातं सिद्ध. एकात एक टॅगांच्या झाडावर फांदी-फांदीनं चढायला नको.

माझं मत विचाराल तर आधी शोध किती वेळा लागणार ते मोजा. एकदाच शोधायचं असेल तर सूची बांधणं तोट्याचंच, कारण ती बांधायलाही यादी पूर्ण वाचावी लागते, वर मेमरी खर्च होते ती वेगळीच. पाच ग्राहकांच्या शेकडो छोट्या फाइली असतील, तर ‘की’ लिहिल्याचा फरक जाणवणारही नाही.