चौकोनात कर्ण काहून काढायचा? ही गोष्ट वावरातूनच सुरू होते

दहावीच्या पोरांना चौकोनाचं गणित दिलं की अर्धे जण चार बाजूंकडेच पाहत बसतात, अन् ज्याला कर्ण, म्हणजे समोरासमोरचे कोपरे जोडणारी रेघ, काढायचं सुचलं त्याचं गणित सुटलंच समजा. ही युक्ती पुस्तकवाल्यांनी काढलेली नाही, जमीन मोजणाऱ्यांची आहे.

आमच्या गावात जुनी माणसं अजूनही समोरासमोरच्या धुऱ्यांची, म्हणजे बांधांची, सरासरी काढतात अन् दोन्ही सरासऱ्यांचा गुणाकार करतात, झालं क्षेत्रफळ. जुन्या काळचे गणिती ब्रह्मगुप्त, त्यांनी इ.स. 628 मधे हीच रीत सांगितली होती, पण ढोबळ म्हणून, अन् लगेच पुढे बारीक हिशेबाचं सूत्रही दिलं. ते सूत्र मात्र चक्रीय चौकोनालाच चालते, म्हणजे चारही कोपरे एका वर्तुळावर पाहिजेत.

इथंच भास्कराचार्यांनी 1150 च्या लीलावती या गणिताच्या ग्रंथात बोट ठेवलं. नुसत्या चार बाजू देऊन क्षेत्रफळ विचारणाऱ्याला त्यांनी चक्क पिशाच म्हटलं, अन् उत्तर देणारा तर त्याच्याहून वरचढ! मला हे लय आवडते, कारण ते शंभर टक्के खरं आहे. चारही धुरे 100 फुटांचे घ्या. सरासरीनं 10,000 चौरस फूट येते. आता तिरपा टेप लावा, कर्ण 120 फूट निघाला तर क्षेत्रफळ 9,600, अन् 192 निघाला तर फक्त 5,376. धुरे तेच, वावर जवळपास अर्धं! ही ढोबळ रीत कधी कमी दाखवतच नाही, काटकोनी वावर सोडलं तर जास्तच दाखवते, म्हणून घेणाऱ्यानं आधी कर्ण मोजावा.

बाज जुनी झाली की कशी तिरपी होते, पाय तेवढेच, लाकडं तेवढीच, तरी आकार बदलते. तीन लाकडांचा त्रिकोण असा हलत नाही, बाबाबा (बाजू-बाजू-बाजू) कसोटी म्हणजे हेच, तीन बाजू ठरल्या की त्रिकोण ठरला. चौकोनाचं तसं नाही, म्हणून तर आठवीत चौकोन काढायला पाच मापं लागतात, जसं चार बाजू अन् एक कर्ण.

इंग्रजांच्या काळात शंकुसाखळीनं मोजणी झाली, साखळी 33 फुटांची, म्हणून गुंठा 33 गुणिले 33, म्हणजे 1,089 चौरस फूट. वावरातून एक लांब रेषा टाकायची, प्रत्येक कोपऱ्यातून तिच्यावर लंब, की सगळं वावर काटकोन त्रिकोण अन् समलंब चौकोनांत मोकळं होते.

अन् याच त्रिकोणांनी अख्खा देश मोजला. विल्यम लॅम्ब्टन या इंग्रज अधिकाऱ्यानं 1802 मधे मद्रासजवळ एक पायारेषा साखळीनं मोजली, मग दुर्बिणीच्या यंत्रानं कोन घेत त्रिकोणाला त्रिकोण जोडत तो उत्तरेकडे आला, एक बाजू अन् दोन कोन कळले की बाकीच्या बाजू हिशेबानं निघतात, आपली कोबाको (कोन-बाजू-कोन) कसोटीच. जानेवारी 1823 मधे तो वारला तो आपल्या वर्धा जिल्ह्यात, हिंगणघाटला. त्याची कबर तिथंच आहे.