आघातानंतरचे दहा दिवस

ठाण्यातल्या शिळफाट्याजवळची बेकायदा इमारत ४ एप्रिल २०१३ रोजी कोसळली, तेव्हा ७४ जीव गेले. अशा दुर्घटनेची मोजदाद मृत आणि जखमी इथेच थांबते. ढिगाऱ्यातून फक्त खरचटून बाहेर आलेला मजूर, समोरच्या दुकानातून सगळं पाहणारी बाई, रात्रभर काँक्रीट उपसणारा जवान यांची नोंद कुठल्याच रजिस्टरात होत नाही.

यांतले बहुतेक जण काही आठवड्यांत सावरतात. काहींचं मात्र उलट होतं. सुरुवातीचे दिवस माणूस जेवतो-खातो, कामावर जातो, घरचे म्हणतात, 'वाचला, देवाची कृपा.' मग झोपेत दचकणं सुरू होतं. वरच्या मजल्यावर कुणी कपाट सरकवलं तरी छातीत धस्स होतं. लांबचा फेरा घेईल, पण त्या रस्त्याने जाणार नाही. हे सगळं महिन्याहून अधिक टिकलं, रोजचं जगणं अडू लागलं, की डॉक्टर त्याला पीटीएसडी म्हणतात, म्हणजे आघातोत्तर तणाव विकार. अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या निदानसूचीत हे नाव १९८० साली आलं. त्यामागे मुख्यतः व्हिएतनामहून परतलेले सैनिक होते. त्याआधी अशा माणसांना सर्रास भित्रं ठरवलं जाई, आणि आपल्याकडे ते अजूनही चालतं.

या आजारात शरीरात नेमकं काय बिघडतं? 'ताण आला, कॉर्टिसॉल (ताणात सुटणारं संप्रेरक) वाढलं, त्याने वाट लावली' हे उत्तर आता सगळ्यांना पाठ आहे. कॉर्टिसॉल उतरवणारी पेयं आणि आसनं मोबाइलवर रोज दिसतात. पण कॉर्टिसॉल हा इथला खलनायक नाही.

धोका दिसला की शरीर दोन चालींनी हलतं. पहिली सेकंदांची: अ‍ॅड्रेनॅलिन आणि नॉरअ‍ॅड्रेनॅलिन सुटतात, हृदय धडधडतं. दुसरी मिनिटांची. मेंदूच्या तळाशी असलेला हायपोथॅलॅमस सीआरएच नावाचं ४१ अमिनो आम्लांचं छोटं प्रथिन सोडतो, त्यावर पिट्युटरी ग्रंथी एसीटीएच हे संप्रेरक सोडते आणि मूत्रपिंडांवर बसलेल्या अधिवृक्क ग्रंथी कॉर्टिसॉल तयार करतात. रक्तातलं कॉर्टिसॉल वीस-तीस मिनिटांत शिगेला पोचतं. ते साखर मोकळी करतंच, शिवाय परत मेंदूत जाऊन 'आता पुरे' असा निरोपही देतं. हा निरोप घेणारं प्रथिन म्हणजे ग्लुकोकॉर्टिकॉइड ग्राही.

सोसायटीच्या गच्चीवरच्या टाकीत फ्लोट असतो. पाणी चढलं की तो वर येतो आणि नळ बंद करतो. हा ग्राही म्हणजे तो फ्लोट. १९८६ साली संशोधक जॉन मेसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पीटीएसडी झालेल्या माजी सैनिकांच्या लघवीतलं कॉर्टिसॉल मोजलं. ते जास्त निघेल असं कुणालाही वाटलं असतं, पण निघालं कमी. पुढे पीटीएसडीच्या संशोधक रेचल येहुदा यांनी अशा रुग्णांना डेक्सामेथासोन हे कृत्रिम स्टेरॉइड अगदी अर्धा मिलिग्रॅम दिलं, तर त्यांचं कॉर्टिसॉल इतरांपेक्षा अधिक खाली गेलं. म्हणजे फ्लोट फाजील हलका झाला होता, टाकी अर्धी असतानाच नळ बंद. प्रत्येक अभ्यासात हे असंच दिसलेलं नाही. पण या रुग्णांच्या मेंदूभोवतीच्या द्रवात नॉरअ‍ॅड्रेनॅलिन जास्त सापडलं आहे, आणि ही जोडी महत्त्वाची आहे: पहिली चाल जोरात, तिला आवरणारी दुसरी तोकडी.

हा ग्राही किती हळवा असेल, ते ठरवणाऱ्यांत एफकेबीपी-५ नावाचं प्रथिन आहे. ते ग्राहीला चिकटलं की कॉर्टिसॉलला नीट पकड मिळत नाही. गंमत म्हणजे कॉर्टिसॉलच या प्रथिनाचं जनुक चालू करतं. संशोधक एलिझाबेथ बिंडर यांच्या गटाने २०१३ मध्ये दाखवलं की या जनुकाचं एक विशिष्ट रूप असलेल्यांना लहानपणी छळ सोसावा लागला, तर जनुकाला आवरणाऱ्या मिथाइल नावाच्या रासायनिक खुणा पुसल्या जातात आणि ते कायमचं सैल सुटतं, म्हणजे ताणात हे प्रथिन जास्त बनतं. डीएनएची अक्षरं तीच राहतात, त्यांच्यावरच्या खुणा तेवढ्या बदलतात. न्यूयॉर्कच्या २००१ च्या हल्ल्याला तोंड दिलेल्या पीटीएसडी रुग्णांत मात्र हेच जनुक कमी चालू असलेलं आढळलं. दोन्ही निष्कर्ष एका सुतात बसत नाहीत. बालपणीचा आघात आणि मोठेपणीचा आघात एकाच वाटेने जात नसावेत, असं मला वाटतं.

आता तो विलंब. पहिले दिवस बरे आणि मग त्रास, असं का? याचा सर्वात सुंदर पुरावा आपल्याकडचा आहे. बंगळूरच्या एनसीबीएस या जीवशास्त्र संशोधन संस्थेत सुमंत्र चटर्जी यांच्या प्रयोगशाळेने उंदरांना एकदाच, दोन तास, हलता येणार नाही असं जखडून ठेवलं. दुसऱ्या दिवशी पाहिलं तर काहीच फरक नाही. दहाव्या दिवशी उंदीर उघड्या जागेत जायला कचरत होते आणि अमिग्डलातल्या, म्हणजे भीती नोंदवणाऱ्या भागातल्या, चेतापेशींच्या शाखांवर नवे काटे फुटले होते. या सूक्ष्म काट्यांवरच दोन पेशींचं बोलणं होतं. ते वाढले म्हणजे भीतीच्या बाजूच्या जोडण्या वाढल्या. कुणी काही करत नसताना, पिंजऱ्यात निवांत बसलेल्या प्राण्यात हे घडत होतं. दहा दिवस रोज जखडलं तेव्हा स्मृती सांभाळणाऱ्या हिप्पोकॅम्पसच्या पेशींच्या शाखा आखडल्या आणि अमिग्डलातल्या फोफावल्या. २१ दिवस विश्रांती दिल्यावर हिप्पोकॅम्पस पूर्ववत झाला. अमिग्डला झाला नाही.

याच प्रयोगशाळेने २०१२ मध्ये आणखी एक गोष्ट दाखवली: ताणाच्या सुमारास उंदरांचं कॉर्टिकोस्टेरॉन, म्हणजे त्यांचं कॉर्टिसॉल, वाढवून ठेवलं तर दहा दिवसांनंतरचे परिणाम टळतात. माणसांतही आघातानंतर पहिल्या काही तासांत हायड्रोकॉर्टिसोन, म्हणजे औषधाच्या रूपातलं कॉर्टिसॉल, दिल्याने पुढचा पीटीएसडी कमी झाल्याचे छोटे अभ्यास आहेत. तेवढ्यावरून इस्पितळांनी ते सर्रास द्यावं असं नाही. पण बदनाम कॉर्टिसॉल इथे राखणदार निघतं, हे विसरू नये.

याचा एक परिणाम थेट घरापर्यंत येतो. अपघातानंतर नातेवाईक डॉक्टरांना पहिली विनंती करतात ती 'याला झोपेची गोळी द्या' अशी. जागतिक आरोग्य संघटनेने २०१३ मध्ये स्पष्ट सांगितलं आहे की आघातानंतरच्या पहिल्या महिन्यात धक्क्यासाठी वा झोपेसाठी अल्प्राझोलामसारख्या बेन्झोडायझेपिन गोळ्या देऊ नयेत. उंदरांना आघातानंतर लगेच अल्प्राझोलाम दिलं तेव्हा कॉर्टिसॉलच्या यंत्रणेत अडथळा आला आणि ते पुढच्या ताणाला अधिक बळी पडले. 'सगळं बोलून मोकळा हो' म्हणत पहिल्याच दिवशी प्रसंग खोदून काढणंही उपयोगाचं ठरलेलं नाही. जवळ बसणं, जेवू घालणं, तो बोलला तर ऐकणं एवढं पहिल्या दिवसांत पुरतं. महिन्यानंतरही झोप परतली नाही, तर मात्र आघातावर काम करणारी मानसोपचार पद्धत लागते. त्यासाठी ठाण्यात प्रादेशिक मनोरुग्णालय आहे, आणि घरून फोन करायचा तर टेली-मानसचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे, तिथे मराठीत बोलता येतं.