लाल दिवा लागला म्हणजे अँप जळणार?

‘डिजिटल गिटार अँपवर (गिटारचा आवाज मोठा करणाऱ्या अँप्लिफायरवर) लाल दिवा दिसला की लगेच स्विच बंद करा, नाहीतर सर्किट जळेल,’ असं वर्षानुवर्षं फिरतंय. भीती स्वाभाविक आहे, पण लाल रंगाचा एकच ठरलेला अर्थ नसतो.

तो दिवा टॅप बटणाचा (ठेका बोटाने दाबून ठरवायच्या बटणाचा) असेल तर तो फक्त डिलेचा, म्हणजे प्रतिध्वनीसारख्या परिणामाचा, वेग दाखवतो. बटण दोनदा सावकाश दाबा, लुकलुकणंही मंदावेल. ट्यूनर (तारेचा सूर तपासणारी सोय) चालू असताना लाल म्हणजे बहुतेकदा तार बेसूर.

इनपुटजवळचा ‘क्लिप’ दिवा वेगळा. गिटारचा सिग्नल अँपच्या मोजण्याच्या मर्यादेपलीकडे गेला, की लहरींची टोकं कापली जातात आणि आवाज कर्कश फाटतो. अँप जळत नाही. गिटारचाच व्हॉल्यूम उतरवून तीच तार छेडा. दिवा विझला तर कारण तेच. जळका वास आला तर मात्र दिवे बघत बसू नका, प्लग काढा.