गीचा रंग : ज्युदो-कराटेच्या सरावाचा पोशाख निवडताना

गी म्हणजे ज्युदो, कराटे, आयकिदो, ब्राझिलियन जिऊ-जित्सू अशा युद्धकलांच्या सरावात घालायचा सुती पोशाख : पुढून उघडा, उजव्या बाजूवर डावी बाजू घेऊन पट्ट्याने बांधायचा जाड सदरा आणि नाडीची विजार. जपानीत त्याला केइकोगी म्हणतात. कलेनुसार तो ज्युदोगी किंवा कराटेगी होतो. कोरियन तायक्वांदोत त्याचे नाव दोबोक. महाराष्ट्रातल्या क्लासांत मुले आणि पालक त्याला सरळ ‘कराटेचा ड्रेस’ म्हणतात. पहिला ड्रेस बहुधा क्लासमधूनच मिळतो आणि तो पांढराच असतो, त्यामुळे रंगाचा प्रश्न खरा पडतो तो दुसरा घेताना. तेव्हा आधी आपल्या कलेचा आणि क्लासचा रिवाज पाहायचा, मग स्पर्धेचा नियम, मग घरातली धुण्या-वाळवण्याची सोय, आणि एवढे झाल्यावर जी मोकळीक उरेल तिच्यात आवड. हा क्रम उलटा झाला की ड्रेस कपाटात पडून राहतो.

पांढरा कुठून आला

ज्युदोचे जनक जिगोरो कानो यांनी १८८२ मध्ये तोक्योत कोदोकान ही ज्युदोची शाळा सुरू केली. तिथल्या सुरुवातीच्या ज्युदोगीच्या बाह्या आणि विजार दोन्ही आखूड होत्या. आज दिसते ती लांबी १९०७ च्या सुमारास आली. कापड न रंगवलेले, न विरंजलेले सुती, म्हणजे आपल्याकडच्या मांजरपाटाच्या जवळचे. त्यामुळे मूळचा ‘पांढरा’ हा कापसाचाच पिवळसर रंग होता. पुढे त्याला निर्मळपणाचा आणि समानतेचा अर्थ चिकटला : मॅटवर उभे राहिल्यावर सगळे एकाच रंगात, श्रीमंत-गरीब कळू नये. तो अर्थ आजही मनापासून पाळला जातो, आणि जपानी परंपरेच्या क्लासात रंगीत गी घालून जाणे उद्धटपणाचे वाटते ते त्यामुळेच. कराटेचे शिक्षक गिचिन फुनाकोशी यांनी १९२२ मध्ये ओकिनावाहून तोक्योला येऊन कोदोकानमध्ये कराटे दाखवले. कराटेचा ड्रेस हा ज्युदोगीवरूनच बेतलेला, फक्त हलक्या कापडाचा. पांढरा रंगही तिथूनच आला.

पांढऱ्याला एक रोखठोक कारणही आहे. त्यावर रक्त, मळ, घाम लगेच दिसतो. अंगाला अंग घासणाऱ्या खेळात त्वचेचे आजार पसरतात, आणि काळ्या कापडावर रक्ताचा थेंब कोणालाच दिसत नाही. म्हणून गडद गी घेणाऱ्याने प्रत्येक सरावानंतर ती धुवायचीच; ‘मळखाऊ रंग आहे, आणखी एकदा चालेल’ ही सवय सोबत्यांना महागात पडते.

कोल्हापूरच्या तालमीत गीच्या रंगाचा प्रश्न येतच नाही, कारण मातीतल्या कुस्तीत अंगावर लंगोट, पकडायला कपडाच नाही. ज्युदोत नेमके उलट : कॉलर आणि बाही धरूनच डाव टाकायचा. कापड आधी ओढाताण सोसणारे हवे, रंग त्यानंतर. केंदोची, म्हणजे जपानी तलवारबाजीची, परंपरा मात्र पहिल्यापासून वेगळी. तिथे जाड सदरा आणि हाकामा, म्हणजे चुण्यांची घेरदार विजार, नैसर्गिक निळीत रंगवलेले असतात. आयकिदोत सदरा पांढरा आणि हाकामा काळा किंवा गडद निळा.

निळा कसा शिरला

१९६४ च्या तोक्यो ऑलिंपिकमध्ये खुल्या गटाचे सुवर्णपदक जिंकणारे नेदरलँड्सचे अँटन गेसिंक यांनी १९८० च्या दशकात निळ्या ज्युदोगीचा आग्रह धरला. दोन पांढरे खेळाडू जमिनीवर एकमेकांत गुंतले की कोणाचा हात, कोणाची पाठ हे पंचांना आणि टीव्हीवर पाहणाऱ्यांना कळत नसे. त्याआधी ओळखीसाठी एकाच्या कंबरेला लाल आणि दुसऱ्याच्या कंबरेला पांढरा पट्टा असे. जपानने जोरदार विरोध केला. परंपरेचा मुद्दा होताच, पण प्रत्येक खेळाडूला दोन ड्रेस घ्यावे लागतील हा खर्चाचा मुद्दाही होता, आणि तो गरीब देशांच्या दृष्टीने खराच होता. तरी युरोपात आधी आणि १९९७ मध्ये जागतिक ज्युदो महासंघात निळा मंजूर झाला. २००० च्या सिडनी ऑलिंपिकपासून तो ऑलिंपिकमध्ये दिसू लागला. जपानच्या देशांतर्गत मोठ्या स्पर्धांत मात्र दोघेही पांढऱ्यातच उतरतात.

निळा घातला की जिंकण्याची शक्यता वाढते, असे क्लासात कोणी ना कोणी सांगतेच. २००४ च्या अथेन्स ऑलिंपिकमधल्या ज्युदोच्या निकालांवरून २००५ मध्ये तसा दावा झाला होता. २००८ मध्ये दुसऱ्या संशोधकांनी तो खोडला : मानांकित खेळाडूंच्या वाट्याला निळा येण्याची आणि काही लढतींआधी विश्रांती कमी-जास्त मिळण्याची रचनाच तशी होती. रंगाचा परिणाम उरला नाही.

कुठे काय चालते

आंतरराष्ट्रीय ज्युदोत पांढरा आणि निळा दोन्ही ड्रेस जवळ लागतात. आधी नाव पुकारलेला पांढऱ्यात, दुसरा निळ्यात. निळ्याची छटाही ठरलेली असते. आकाशी किंवा नेव्ही ब्लू घेऊन गेल्यास तपासणीच्या टेबलावरच अडवतात. क्लब किंवा जिल्हा पातळीवर बहुधा पांढऱ्या ड्रेसवर वेगळ्या रंगाचा पट्टा बांधून भागते, म्हणून स्पर्धेचे पत्रक वाचल्याशिवाय निळ्यावर पैसे घालू नयेत. कुदो या जपानी युद्धकलेतही पांढरा-निळा अशीच जोडी आहे.

जागतिक कराटे महासंघाच्या स्पर्धांत गी पांढरी असते आणि लाल-निळा फरक पट्ट्याने आणि हातमोजे, पायांची संरक्षके यांनी दाखवतात. काही शैलींत, विशेषतः अमेरिकेत वाढलेल्या केन्पो या शैलीत, काळा ड्रेस रोजचा आहे. काही क्लासांत काळा फक्त शिकवणाऱ्यांसाठी राखून ठेवलेला असतो. अशा ठिकाणी नवख्याने काळा घालून येणे म्हणजे न मिळवलेला पट्टा बांधण्यासारखे. सरांना एकदा विचारले की प्रश्न मिटतो.

ब्राझिलियन जिऊ-जित्सूच्या सर्वांत मोठ्या महासंघाच्या स्पर्धांत पांढरा, निळा आणि काळा हे तीनच रंग चालतात, आणि सदरा-विजार एकाच रंगाची लागते. पांढरा सदरा, काळी विजार अशी जोडी सरावाला ठीक, स्पर्धेला बाद. तायक्वांदोच्या दोबोकमध्ये पांढऱ्यावर कॉलरचा रंग दर्जा सांगतो : काळ्या पट्ट्याची कॉलर काळी, ‘पूम’धारकाची, म्हणजे काळ्या पट्ट्याच्या तोडीचा दर्जा मिळवलेल्या लहान मुलाची, लाल-काळी. ती दुकानात सुंदर दिसली म्हणून आधीच घ्यायची नसते. साम्बो या रशियन कुस्तीत जाकीट लाल किंवा निळे. व्हिएतनामच्या व्होव्हिनाम या युद्धकलेचा गणवेश निळा. इंडोनेशिया-मलेशियाकडच्या पेंचाक सिलाटचा काळा.

कापड आणि रंग यांचा मेळ

रंगाआधी वजन पाहावे. कराटेच्या ड्रेसवर ते औंसात लिहिलेले असते आणि एक औंस म्हणजे चौरस मीटरला सुमारे ३४ ग्रॅम. ८ औंसाचा ड्रेस साधारण २७० ग्रॅमचा, मुलांना आणि दमट हवेला बरा; १२ औंसाचा ४०० च्या आसपास, हा काताला, म्हणजे ठरलेल्या हालचालींच्या एकट्याच्या प्रदर्शनाला, शोभतो, ठोसा मारताना बाहीचा फटकारा ऐकू येतो. ज्युदोचा स्पर्धेचा सदरा ६५० ते ७५० ग्रॅमचा. काळ्या रंगात जास्त उकडते ही तक्रार उघड्या मैदानावर खरी आहे. बंद हॉलमध्ये उकडते ते कापडाच्या जाडीने. तिथे १२ औंसाचा पांढरा ८ औंसाच्या काळ्यापेक्षा नक्कीच गरम.

न आटवलेला सुती ड्रेस पहिल्या काही धुण्यांत साधारण ५ ते १० टक्के आटतो. बाही ७० सेंटिमीटर असेल तर ७ सेंटिमीटरपर्यंत जाऊ शकते. म्हणून लेबलवर ‘प्रीश्रंक’ आहे का ते पाहावे, आणि सदरा-विजार एकाच वेळी, एकाच कंपनीची घ्यावी. पांढरे दोन तऱ्हेचे असतात, एक कापसाचा पिवळसर आणि एक निळसर झाक असलेला चकचकीत. वेगवेगळे घेतले की उन्हात फरक डोळ्यात भरतो.

निळा किंवा काळा ड्रेस घेतला की पहिल्या सरावाआधी रंगाची परीक्षा करावी. पांढरा हातरुमाल ओला करून पिळावा, सदऱ्याच्या आतल्या शिवणीवर दाबून वीस वेळा घासावा. रुमालावर पुसट झाक आली तर दोन-तीन धुण्यांत थांबेल. ठसठशीत डाग उमटला तर तो ड्रेस सोबत्याच्या पांढऱ्या गीवर, मॅटवर आणि घालणाऱ्याच्या मानेवर रंग सोडणार. अशा वेळी थंड पाण्यात एकट्याने धुवावा आणि पाणी नितळ येईपर्यंत खळबळावा. मीठ किंवा व्हिनेगर घातल्याने रंग पक्का होतो हा समज आजच्या कारखानी रंगांना लागू नाही. धाग्याला न धरलेला जादा रंग धुऊन काढणे हाच उपाय. केंदोतल्या नैसर्गिक निळीची गोष्ट वेगळी, ती घासून थोडी थोडी निघतच राहते आणि तिथे ते सगळ्यांनी मान्य केलेले असते.

धुणे

पांढऱ्या ड्रेसचे सर्वांत जास्त नुकसान क्लोरीनच्या ब्लीचने होते. घामाचे अंश त्याच्याशी मिसळून कॉलर आणि काखा आणखी पिवळ्या पडतात, सुताचा दम जातो, आणि तीन-चार महिन्यांत गुडघ्यावर किंवा काखेच्या शिवणीवर कापड टरकते. त्याऐवजी ऑक्सिजन ब्लीचची पावडर कोमट पाण्यात, सुमारे ४० अंशांत, विरघळवून तासभर भिजवावा. बोअरच्या पाण्यात लोह असेल तर पिवळेपणा पाण्यातूनच येतो. शेवटचे खळबळणे तरी नळाच्या पाण्यात करावे.

आपल्याकडे पांढऱ्याला नीळ देतात, आणि गीला ती चालते, पण जपून. नीळ पिवळेपणा काढत नाही, झाकते. द्रव नीळ अर्धी बादली पाण्यात चार-पाच थेंब आधी नीट ढवळावी, पूड असेल तर पुरचुंडीत बांधून, आणि मगच ड्रेस बुडवावा. कॉलरमध्ये कापडाचे अनेक पदर शिवलेले असतात. नीळ थेट तिच्यावर पडली तर ती आत मुरते आणि निळा डाग वर्षभर जात नाही. भिजवून ठेवू नये. बुडवला, हलवला, काढला.

रक्ताचा डाग थंड पाण्यात, शक्यतो तासाभरात धुवावा. गरम पाण्याने तो कायमचा बसतो. पांढऱ्यावर ३ टक्क्यांचे हायड्रोजन पेरॉक्साइड लावता येते; निळ्या-काळ्यावर लावल्यास तिथला रंग उडतो. रंगीत बेल्ट ड्रेसबरोबर कधीच भिजवू नये. लाल आणि तपकिरी बेल्ट सर्वांत जास्त रंग सोडतात आणि कंबरेवर गुलाबी पट्टा उमटतो.

काळा ड्रेस उलटा करून, सावलीत वाळवावा. उन्हात तो तपकिरी विटतो. त्यावर घामाच्या मिठाच्या पांढऱ्या रेघा उठतात आणि मॅटवरचे केस-तंतू चिकटतात, हे घेताना लक्षात येत नाही. पावसाळ्यात कोकण, मुंबई, गोवा इथे कोणत्याही रंगाची जाड गी दोन दिवस ओली राहते. कुबट वास सगळ्यांना येतो, पण बुरशीचे काळे ठिपके पांढऱ्यावरच दिसतात. कॉलर वाळली की नाही हे बोटांत दाबून पाहावे, कारण बाकी सदरा कोरडा झाल्यावरही ती आतून ओली असते. आठवड्याला तीन सराव असतील तर त्या चार महिन्यांत दुसरा ड्रेस चैनीचा नाही, गरजेचा आहे.

मुली आणि पांढरी विजार

ही अडचण क्लासांत उघडपणे बोलली जात नाही, आणि मुली त्यापायी सराव सोडतात. हलक्या कापडाची पांढरी विजार घामाने भिजली की पारदर्शक होते. आत पांढरे कपडे घातले तर ते उलट उठून दिसतात. त्वचेच्या रंगाची, मांडीपर्यंतची घट्ट शॉर्ट दिसत नाही. विजार १० औंसांपेक्षा जाड घ्यावी किंवा गुडघ्यापासून वर दुहेरी कापड असलेली. सदऱ्याच्या आत मुली साधा पांढरा टी-शर्ट घालतात, ज्युदो आणि कराटेच्या स्पर्धांतही त्याला मुभा आहे. पाळीच्या दिवसांत सरावापुरती गडद विजार चालू द्यावी. त्याने कुठलीही परंपरा मोडत नाही, आणि हे शिकवणाऱ्याने मुलींनी विचारायच्या आधी, सगळ्या वर्गासमोर एकदाच सांगून टाकावे.

जुना पांढरा घरी रंगवणे

पिवळा पडलेला ड्रेस काळा करून पुन्हा वापरता येतो, स्पर्धेसाठी नव्हे, सरावासाठी. सुती कापडाचे रिअॅक्टिव्ह रंग घ्यावेत. गडद काळ्यासाठी कोरड्या कापडाच्या वजनाच्या ६ ते ८ टक्के रंग लागतो, म्हणजे एक किलोच्या ड्रेसला ६० ते ८० ग्रॅम. कमी घातला की करडा येतो. रंगाबरोबर मीठ आणि शेवटी धुण्याचा सोडा लागतो, भांडे एवढे मोठे की ड्रेस मोकळा हलला पाहिजे. कोंबून बुडवला की घड्यांवर पट्टे उठतात. शिवणीचा दोरा पॉलिस्टरचा असतो, तो रंग घेत नाही आणि पांढराच राहतो. कापडात पॉलिस्टर मिसळलेले असेल तर सबंध ड्रेस फिकट दिसतो. क्लोरीनने डागलेल्या जागा आणि कॉलरचे आतले पदर रंग वेगळा धरतात. बिल्ले आधी उसवून काढावेत. रंगवल्यावर पहिली तीन धुणी एकट्याची, आणि मग पुन्हा ओल्या रुमालाची परीक्षा.