डोळ्यांच्या शस्त्रक्रियेसाठीचे सिलिकॉन तेल : १००० हवे असेल तर १०००च मागवावे

आमच्याकडून शुद्ध तेल घेऊन सिरिंज भरणारे ग्राहक एकच गोष्ट वारंवार विचारतात : शिल्लक ५००० सेंटिस्टोकच्या (सेंटिस्टोक हे व्हिस्कॉसिटीचे म्हणजे दाटपणाचे एकक) तेलात बाजारातले पातळ सिलिकॉन तेल मिसळून १००० केले, २५ अंश सेल्सिअसला व्हिस्कॉसिटीही बरोबर आली, तरी माल तपासणीत नापास का झाला? मिश्रण, फेरतपासणी आणि नवी ऑर्डर यांत आपले आठवडे वाया जातात, म्हणून कारण सविस्तर देत आहोत.

व्हिस्कॉसिटीच्या आकड्यावरून तेलातील रेणूंच्या साखळ्यांच्या लांबीचा सरासरी अंदाज येतो. त्यांत आखूड किती आहेत, हे कळत नाही. पातळ तेल पातळ असते तेच मुळी आखूड साखळ्यांमुळे. सुटलेला दृष्टिपटल जागेवर धरण्यासाठी हे तेल बहुधा काही महिने डोळ्यात राहते. तेवढ्या काळात लहान रेणू ऊतींत शिरू शकतात, तेल फुटून त्याचे सूक्ष्म थेंब होण्यास हातभार लावतात, आणि असे थेंब डोळ्यातील द्रवाचा निचरा अडवून दाब वाढवू शकतात. काही उत्पादक तेलात अतिलांब साखळ्या मुद्दाम मिसळतात, पण तो थेंब होणे रोखण्याचा उपाय आहे. पातळ तेल मिसळणे याच्या नेमके उलट आहे.

दराबद्दलही थोडे सांगणे आवश्यक आहे. डी-४ या वलयाकार सिलॉक्सेनची वलये पोटॅशियम हायड्रॉक्साइडने उघडून साखळ्या तयार होतात आणि हेक्सामेथिलडायसिलॉक्सेनने त्यांची टोके बंद होतात. ही क्रिया समतोलाला पोहोचते तेव्हा साधारण १० ते १५ टक्के माल वलयरूपातच, म्हणजे काढून टाकाव्या लागणाऱ्या लहान रेणूंच्या रूपात उरतो, आणि कितीही काळजी घेतली तरी हे टळत नाही. प्रथम उत्प्रेरक, म्हणजे पोटॅशियम हायड्रॉक्साइड, पूर्णपणे निष्प्रभ करावा लागतो, कारण त्याचा अंश राहिल्यास तेल तापवताच साखळ्या तुटून पुन्हा वलये बनतात. त्यानंतर उच्च निर्वातात, यंत्राच्या तापलेल्या भिंतीवर वायपर तेलाचा पातळ थर सतत पसरवत राहतात आणि सुटलेले हलके रेणू मधल्या थंड कंडेन्सरवर जमतात. लहान रेणूंचे प्रमाण मोजणाऱ्या गॅस क्रोमॅटोग्राफ यंत्राचा अहवाल मर्यादेत येईपर्यंत आम्ही तेच तेल पुन्हा फिरवतो. घाई केली तर दर कमी करता येईल, पण तसा माल आम्ही देत नाही.

१००० आणि ५००० ही दोन्ही तेले आम्ही स्वतंत्र बॅचमध्ये बनवतो व लहान काचेच्या बाटल्यांतही देतो, त्यामुळे मिश्रणाची गरज पडत नाही. ऑर्डरमध्ये व्हिस्कॉसिटीसोबत लहान रेणूंची आपल्याला चालणारी कमाल मर्यादाही लिहावी. त्या बॅचचा अहवाल आणि नमुना आम्ही माल निघण्यापूर्वी पाठवू.