दक्षिण अटलांटिकवरचा खड्डा

अंतराळातल्या मालिकांमध्ये हा प्रसंग हटकून येतो. यान गदगदा हलतं, दिवे लुकलुकतात, पडद्यावर काहीतरी अगम्य दिसू लागतं आणि कप्तान खुर्चीचे हात घट्ट धरून यान थेट त्यात घालतो. मागे उभा असलेला शास्त्रज्ञ बिचारा आकडे सांगत राहतो, त्याचं कोण ऐकतंय! अशी एक विचित्र जागा खरोखरच आहे, आणि तीही दूरच्या एखाद्या दीर्घिकेत नाही, तर ब्राझील आणि त्यालगतच्या समुद्राच्या डोक्यावर. तिचं नावच मुळी ‘साउथ अटलांटिक अ‍ॅनॉमली’. म्हणजे दक्षिण अटलांटिकवरची विसंगती. फक्त तिथे कप्तानगिरी चालत नाही.

या गोष्टीची सुरुवात एका शून्यापासून झाली. ३१ जानेवारी १९५८ रोजी अमेरिकेचा पहिला उपग्रह, ‘एक्सप्लोरर-१’, अवकाशात गेला. त्यावर आयोवा विद्यापीठातल्या जेम्स व्हॅन अ‍ॅलन यांचा गायगर मापक, म्हणजे वेगवान कण मोजणारं यंत्र, होता. कमी उंचीवर तो शहाण्यासारखे आकडे देई, पण फार वर गेला की शून्य. यंत्र बिघडलं म्हणावं, तर खाली आल्यावर पुन्हा सुरळीत. शेवटी त्यांचे सहकारी कार्ल मॅकइलवेन यांनी तसाच मापक प्रयोगशाळेत क्ष-किरणांच्या झोतात धरला आणि उलगडा झाला. वर कण नव्हतेच असं नाही, ते इतके होते की मापकाला मोजणं झेपत नव्हतं. सकाळी नऊला दादरच्या पुलावर माणसं मोजायला कुणाला बसवा; खटका दाबून सोडायलाच उसंत मिळाली नाही, तर आकडा पुढे सरकणार कसा?

पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रात अडकलेल्या विद्युतभारित कणांचे हे पट्टे आज व्हॅन अ‍ॅलन यांच्याच नावाने ओळखले जातात. त्यांतला आतला पट्टा एरवी साधारण हजार किलोमीटरच्या वर असतो. दक्षिण अटलांटिकवर मात्र तो जेमतेम २०० किलोमीटरपर्यंत खाली उतरतो. कारण पृथ्वीच्या पोटातला ‘चुंबक’ नीट मधोमध बसलेला नाही. त्याचा अक्ष तिरका आहे, आणि केंद्रही सुमारे ५०० किलोमीटर पश्चिम पॅसिफिकच्या बाजूला सरकलेलं आहे. छत्री एका बाजूला धरली की दुसरा खांदा भिजतो, तसा हा भिजणारा खांदा. आपल्या अलिबागच्या चुंबकीय वेधशाळेत क्षेत्राची एकूण तीव्रता चाळीस हजार नॅनोटेस्लाच्या (हे चुंबकीय तीव्रतेचं एकक) वर भरते. दक्षिण अटलांटिकच्या त्या भागात ती २२ हजारांच्या आसपास आहे, म्हणूनच तो खड्डा.

या खड्ड्यातले प्रोटॉन प्रकाशाच्या वेगाच्या तिसऱ्या-चौथ्या हिश्श्याने, काही तर त्याहूनही वेगाने, धातूच्या पत्र्यातून आरपार जातात. एखाद्या चिपमधल्या शून्याचा एक करतात, कॅमेऱ्यावर पांढरे ठिपके उमटवतात. अंतराळवीरांना मिटल्या डोळ्यांपुढे अधूनमधून लखलखाट दिसतात आणि या भागात ते जास्त दिसतात. पापणी मिटली म्हणून कण थोडेच थांबतात!

हबल दुर्बीण इथून जाताना निरीक्षणं थांबवते. तिचा साधारण १५ टक्के वेळ यातच जातो. अब्जावधी डॉलरची दुर्बीण रोज ठरल्या वेळी गप्प बसते, यात नाट्य काहीच नाही. मला मात्र कप्तानाच्या धाडसापेक्षा हे वेळापत्रकच जास्त थरारक वाटतं.

आपल्या ‘अ‍ॅस्ट्रोसॅट’ने तर आधी वाटच बदलली. २८ सप्टेंबर २०१५ रोजी श्रीहरिकोट्याहून निघालेला हा उपग्रह ६५० किलोमीटर उंचीवर, विषुववृत्ताशी अवघ्या ६ अंशांचा कोन करून फिरतो. म्हणजे खड्ड्याच्या मध्यात न शिरता फक्त उत्तरेचा काठ चाटून जातो. तेवढ्यासाठीही राखण आहेच. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेने (टीआयएफआर) त्यावर विद्युतभारित कणांचा एक मापक बसवला. सीझियम आयोडाइडचा चिमुकला स्फटिक, कण आदळला की त्यात प्रकाशाची ठिणगी उडते. ठिणग्या ठरावीक मर्यादेपलीकडे गेल्या की इतर उपकरणांना इशारा जातो. क्ष-किरण टिपणाऱ्या वायूच्या नळ्यांचं हाय व्होल्टेज उतरवलं जातं, कारण भरल्या व्होल्टेजवर असा मारा झाला तर नळीच खराब व्हायची. ठिणग्या ओसरल्या की व्होल्टेज पुन्हा चढतं आणि कृष्णविवराकडे पाहणं जिथे थांबलं होतं, तिथून पुढे सुरू होतं.

नुसत्या नकाशावर विसंबायची सोय नाही, कारण हा खड्डा एका जागी थांबत नाही. तो हळूहळू पश्चिमेकडे सरकतोय आणि आणखी खोल होतोय, म्हणजे तिथलं क्षेत्र आणखी दुबळं होतंय. १९७० ते २०२० या काळात त्याच्या मध्याशी असलेली तीव्रता २४ हजारांवरून २२ हजारांवर आली. चुंबकीय क्षेत्र मोजणाऱ्या युरोपच्या ‘स्वार्म’ उपग्रहांना आता त्यात आफ्रिकेच्या नैर्ऋत्येला दुसरा एक मध्यही दिसू लागलाय. एकाचे दोन होतायत.